आठ महिने क्लिकर आणि ट्रीटवर कुत्र्याला शिकवल्यानंतरचा अनुभव

चिकू आमच्याकडे आला तेव्हा दीड वर्षाचा होता. आधीच्या घरी त्याच्यासोबत काय झालं होतं काही कळलं नाही पण कुणी पटकन हात वर केला की तो कान मागे घेऊन जमिनीला चिकटायचा, अगदी मी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला तरी. ते बघूनच ठरवलं की याला ओरडायचं नाही, पट्ट्याला झटके द्यायचे नाहीत, जे शिकवायचं ते बक्षीस देऊनच. आता आठ महिने झालेत, जे जमलं आणि जे अजून जमलं नाहीये ते दोन्ही सांगते.

आधी क्लिकरबद्दल. हातात मावणारी छोटी प्लॅस्टिकची डबी असते, आत धातूची पट्टी, दाबलं की टक् वाजतं, बस एवढंच. त्या आवाजाला कुत्र्याच्या लेखी सुरुवातीला काहीच अर्थ नसतो, तो आपण द्यायचा. पहिले दोन दिवस आम्ही काहीच शिकवलं नाही, नुसतं टक् आणि लगेच खाऊ, टक् आणि खाऊ, एका वेळी दहा-बारा वेळा. तिसऱ्या दिवशी तो खिडकीतून बाहेर बघत होता, मी टक् केलं आणि मान गर्रकन माझ्याकडे वळली. आवाज झाला की खाऊ येणार हे शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचं शाळेत वाचलेलं ते समोर घडताना बघितलं. ही युक्ती नवीन नाहीये, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने 1951 मध्येच एका लेखात असं टकटक वाजणारं खेळणं प्राणी शिकवायला वापरा म्हणून सांगितलं होतं. चिकूला आधी आवाज जरा कर्कश वाटायचा, दचकायचा, म्हणून पहिला आठवडा मी क्लिकर खिशात ठेवून वाजवायचे.

आता खरी गोष्ट. सगळ्यात जास्त वेळ माझा हात तयार व्हायला लागला. 'बस' शिकवताना तो बसायचा आणि लगेच टुणकन उठायचा, मला वाटलं याला धीरच नाही. मग मुलाने फोनवर व्हिडिओ काढला आणि तो हळू करून बघितला तर लक्षात आलं की माझं टक् पडतंय तेव्हा त्याचं बूड जमिनीवरून उठलेलं असतंय! म्हणजे मी त्याला बसायला नाही, बसून उठायला शिकवत होते आणि तो बिचारा अगदी बरोबर शिकत होता. वर अजून एक चूक दिसली, टक् करायच्या आधीच माझा उजवा हात ट्रीटच्या पिशवीकडे जायचा त्यामुळे त्याचं लक्ष आवाजाकडे नाही, हाताकडेच. मग आठवडाभर कुत्र्याशिवाय सराव केला, चिकू दुसऱ्या खोलीत आणि मी बॉल टाकतेय, बॉल जमिनीला टेकला की टक्. ऐकायला विचित्र वाटेल पण याचा जेवढा फायदा झाला तेवढा कशाचाच नाही झाला. आधी टक्, मग हात हलवायचा, मग खाऊ, हा क्रम अंगात भिनला आणि 'बस' चार दिवसांत पक्कं झालं.

पट्टा ओढायची सवय जायला मात्र जवळजवळ दोन महिने लागले. पद्धत साधी आहे, त्याने ओढलं की आपण जागच्या जागी थांबायचं, पट्टा ढिला पडला की टक्, आणि खाऊ आपल्या गुडघ्यापाशी द्यायचा म्हणजे त्याला आपल्या बाजूला यावंच लागतं. पहिल्या दिवशी दारापासून गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागली. त्यात लवकरच कळलं की बाहेर त्याला चिकनच्या तुकड्यापेक्षा खांबाचा वास जास्त प्रिय आहे, मग तो वासच बक्षीस केला, दहा पावलं ढिल्या पट्ट्याने चाललास तर जा, घे वास. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅकने 1959 मध्ये हेच मांडलं होतं की जे करायला मनापासून आवडतं ते कमी आवडत्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. आमची फिरायची वेळ त्या दिवसापासून दोघांसाठीही सुखाची झाली.

बेलवर भुंकणं हा सगळ्यात अवघड भाग होता आणि इथे मी चुकीचा सल्ला मानला. दुर्लक्ष करा आपोआप थांबेल असं कुणीतरी सांगितलं, केलं, तर तीन दिवस भुंकणं वाढतच गेलं. जे आधी चालायचं ते चालेनासं झालं की ते सोडून देण्याआधी कुत्रा अजून जोर लावतो, हे तेव्हा माहिती नव्हतं. चौथ्या दिवशी मी थकून त्याला जवळ घेतलं, म्हणजे त्याला काय कळलं, तर एवढा वेळ भुंकलं की जमतं. नंतर पद्धत बदलली, भुंकू नको शिकवण्याऐवजी बेल वाजली की काय करायचं ते शिकवलं. बेलचा आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून अगदी बारीक लावायचा, तो चटईवर गेला की टक् आणि खाऊ. आवाज वाढवायचा असेल तर चटई जवळ ठेवायची, जास्त वेळ बसवायचं असेल तर आवाज कमी करायचा, एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. आता दहातल्या आठ वेळा तो स्वतःहून चटईवर जातो, उरलेल्या दोन वेळा भुंकतो आणि मग जातो.

घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरणं फार गरजेचं आहे. आमच्याकडे एकजण 'बस', एकजण 'सिट', मुलगा 'खाली बस' म्हणायचा, शेवटी फ्रिजवर कागद लावला. अंगावर उड्या मारण्याचंही तेच, चार जण पाठ फिरवतात आणि पाचवा लाड करतो तर सवय उलट घट्ट होते, कारण कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसासाठीच तो जास्त चिकाटीने प्रयत्न करतो.

ही लाच आहे असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. खाऊ आधी दाखवून काम करून घेतलं तर हो, ती लाचच. पण खाऊ नजरेआड ठेवून काम झाल्यावर दिला तर ती कमाई आहे. घरात आता 'बस'ला तीन-चार वेळांतून एकदाच खाऊ मिळतो तरी तो पटकन बसतो. आणि तू बॉस आहेस हे त्याला दाखव म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की ती अल्फाची, म्हणजे कळपात दादागिरी करणारा एक बॉस असतो ही कल्पना पिंजऱ्यातल्या अनोळखी लांडग्यांच्या अभ्यासातून आली, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये दाखवलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात. 2020 मध्ये पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासातही शिक्षेवर भर देणाऱ्या ट्रेनिंगमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. चिकूकडे बघून मला त्याचं नवल वाटत नाही.

खाऊचं गणित सांभाळा. दिवसभराच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ट्रीट ठेवायची, आम्ही तर त्याच्या जेवणातलंच काढून ठेवतो आणि तुकडा वाटाण्याएवढाच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही अजिबात नाही, घरातल्या लहान मुलांना हे आधी शिकवा.

दुसरी कुत्री दिसली की मात्र अजून अवघडच जातं. रस्त्याच्या पलीकडे असतील तर तो माझ्याकडे बघतो, त्याहून जवळ आली की हातातलं चिकनसुद्धा हुंगत नाही. तो खाऊ घेत नाही म्हणजे आपण फार जवळ आलोय, हे आता मला कळतं आणि मी हट्ट न करता मागे फिरते.

नखं कापायचं सध्या चालू आहे. पहिले पंधरा दिवस नुसतं नेलकटर दाखवायचं आणि टक्, मग पंज्याला टेकवायचं आणि टक्, मग एक नख. काल मी नेलकटर घ्यायला वरच्या फळीकडे हात वर केला आणि तो जमिनीला चिकटला नाही, चटईवर जाऊन बसला आणि शेपटी हलवत हाताकडे बघत राहिला. मागच्या डाव्या पायाची दोन नखं राहिलीयेत, ती या आठवड्यात.