पूर्ण बॅकअप: क्लोनझिला की वीम एजंट?

घरच्या विंडोज संगणकाची अख्खी डिस्क जपायची, तर बॅकअपची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकटात भक्कम पर्याय आहेत.

क्लोनझिला पेनड्राइव्हवरून सुरू होते. विंडोज तेव्हा बंद असते, त्यामुळे प्रत काढताना कुठलीच फाइल बदलत नाही. विंडोजच्या एनटीएफएससारख्या ओळखीच्या फाइल सिस्टिममधला (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीतला) फक्त वापरलेला भागच ते उचलते. लिनक्सच्या डिस्कचीही प्रत निघते. पण दर वेळी पूर्ण प्रत काढावी लागते, आणि मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ती उतरवायला गेलात की अडकता. जुनी मोठी हार्डडिस्क काढून लहान एसएसडी बसवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. शिवाय पडदा सगळा मजकुराचा. स्रोत आणि लक्ष्य डिस्क उलटी निवडली, तर डेटा गेलाच.

वीम एजंटची मोफत आवृत्ती विंडोज चालू असतानाच काम करते. पहिली प्रत पूर्ण, नंतर फक्त बदल. प्रतीतून एखादी फाइलही सहज परत मिळते, आणि रोजच्या वापरात हेच जास्त लागते. मात्र विंडोज सुरूच झाले नाही तर लागणारा रिकव्हरी पेनड्राइव्ह आधीच बनवून त्यावरून संगणक एकदा सुरू करून पाहाच.

नियमित बॅकअपसाठी मी वीमच सुचवेन. क्लोनझिला डिस्क बदलताना. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.