जुन्या पद्मिनीवर डायलवाली टायमिंग लाइट: आकडा कुठे खरा, कुठे फसवा

कॉन्टॅक्ट पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारा स्विच), कॉइल आणि डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) असलेल्या जुन्या इंजिनासाठी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी कोणत्या क्षणी पडते हे चमकून दाखवणारी गन, घ्यायची झाल्यास बाजारात दोन प्रकार मिळतात. साधी गन पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर चमकते आणि अंश पुलीवरच्या खुणेवरून वाचावे लागतात. डायलवाली गन ठिणगीनंतर आपण ठरवू तितक्या अंशांच्या विलंबाने चमकते, त्यामुळे खूण शून्यावर आली की पडद्यावरचा आकडा म्हणजे ऍडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते). मी दुसऱ्या प्रकारची, आरपीएमही दाखवणारी गन १०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीवर वापरत आहे. तिचा प्रकाश भर दुपारीही पुरेसा आहे आणि बांधणी भक्कम आहे. तिच्या आकड्यावर किती विसंबावे, याचे उत्तर मात्र सोबतच्या माहितीपत्रकात कुठेही नाही.

पडद्यावरचा आकडा मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो, हे आधी लक्षात घ्यावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी मिळते, म्हणून गन दोन ठिणग्यांमधला वेळ ७२० अंशांचा मानून विलंब ठरवते. ८०० आरपीएमला हा वेळ १५० मिलिसेकंद असतो आणि दहा अंश म्हणजे जेमतेम दोन मिलिसेकंद. या गनच्या मागे दोन स्ट्रोक आणि चार स्ट्रोक यांसाठी एक छोटे बटण आहे, जे हाताच्या नकळत दाबले जाते. ते दोन स्ट्रोकवर राहिले, तर पद्मिनीचा दहा अंशांचा ऍडव्हान्स पाच दिसतो आणि त्यावर विश्वास ठेवून डेल्को फिरवला की गाडी नॉकिंग (ठकठक) करू लागते. सुदैवाने चूक ओळखण्याची खूण पडद्यावरच असते: आयडल (ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरते तो संथ वेग) ८०० ऐवजी ४०० दिसते. म्हणून अंश पाहण्याआधी आरपीएम पाहावा. इतके महत्त्वाचे बटण इतक्या आडवळणी जागी ठेवणे हा मला या गनचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

दुसरी अडचण क्लॅम्पची, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरवर लावायच्या चिमट्याची, आहे. त्याच्या दोन फेराइट तोंडांमध्ये ग्रीस किंवा धूळ अडकली, तो नीट मिटला नाही किंवा शेजारची प्लग वायर त्याला खेटून गेली, की जादा चमका येतात, आरपीएम एकदम वर उडतो आणि अंशही त्याच्यामागे जातात. वायर वेगळ्या करून क्लॅम्प पहिल्या सिलिंडरच्या वायरच्या मोकळ्या भागावर, त्याच्यावरचा बाण प्लगच्या दिशेला ठेवून लावल्यावर हा गोंधळ थांबतो. याच क्लॅम्पचा एक उपयोग मात्र मला फार आवडला. पद्मिनीत पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात, त्यामुळे क्लॅम्प चौथ्या वायरवर लावला तरी खूण त्याच जागी दिसायला हवी. दोन्ही वाचनांत दोन-तीन अंशांचा फरक पडला, तर दोष गनचा नसून डेल्कोचा बुश (त्याचा दांडा ज्यात फिरतो ते कडे) सैल झालेला आहे किंवा कॅम (पॉइंट उघडणारा उंचवटा) झिजलेला आहे, असे समजावे. खूण एका जागी न थांबता नाचत असेल, तर संशय बुशवर आणि टायमिंग चेनच्या ढिलाईवर घ्यावा.

वाचन स्थिर असूनही गाडीला पिकअप नसेल, तर पुलीवरची खूणच तपासावी लागते, कारण कोणतीही गन त्या खुणेपेक्षा अधिक खरी असू शकत नाही. सगळे प्लग काढून पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टनला वर येण्याआधी अडवणारा स्टॉप बसवावा, इंजिन हाताने (स्टार्टरने कधीही नाही) हलके टेकेपर्यंत फिरवून पुलीवर खडूची रेघ मारावी, मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारावी. दोन रेघांचा मध्य हाच पिस्टनचा खरा वरचा बिंदू. पुलीचा व्यास १४० मिलिमीटर धरला, तर एक अंश म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, तेव्हा जाड रंगाचा फटकारा किंवा बाजूने तिरके पाहणे एवढ्यानेही दोन अंश इकडेतिकडे होतात.

मोजण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पॉइंटचा गॅप आधी लावावा, कारण ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) एक अंशाने बदलला की टायमिंगही क्रँकच्या एका अंशाने सरकते. आयडल इतके खाली असावे की वेगाबरोबर ऍडव्हान्स वाढवणारी डेल्कोतील वजने अजून फाकलेली नसतील, आणि व्हॅक्युम ऍडव्हान्स (इंजिनाच्या हवेच्या ओढीने ऍडव्हान्स वाढवणारी सोय) असलेल्या गाडीत कंपनीने तसे सांगितले असल्यास त्याची नळी काढून बंद करावी. शंका राहिलीच, तर कॉइलच्या डेल्कोकडील टर्मिनलला बारा व्होल्टचा दिवा जोडून, पॉइंट उघडताच तो पेटतो त्या क्षणाची जागा पाहावी. संथ आयडलवरचे गनचे वाचन त्या जागेच्या जवळपासच यायला हवे.

एवढे सारे जमवल्यावर ही गन उपयोगी पडते, विशेषतः ३००० आरपीएमला एकूण ऍडव्हान्स पाहताना, जिथे पुलीवर तितक्या खुणाच नसतात. ज्यांना केवळ आयडलचे टायमिंग लावायचे आहे, त्यांनी साधी, स्वस्त गन घेऊन उरलेल्या पैशांत नवे पॉइंट आणि कंडेन्सर आणावेत. ही गन घेणाऱ्यांनी तिची केबल पंख्यापासून दूर बांधावी, कारण स्ट्रोबच्या प्रकाशात फिरता पंखा थांबल्यासारखा किंवा संथ दिसू शकतो, आणि तुटलेला क्लॅम्प वेगळा मिळत नसल्याने पूर्ण गनच नवी घ्यावी लागते.