1981 च्या बेसिक व एक्स्पर्ट नियमांतील सेव्हिंग थ्रो : काही महिन्यांच्या वापरानंतर

टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रे रंगवून आणि फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य खेळाचा 1981 चा बेसिक संच आणि त्याच वर्षीचा एक्स्पर्ट संच, या दोहोंच्या नियमांवर आमचा गट गेले काही महिने नियमित खेळत आहे. त्याआधी आम्ही याच खेळाची पाचवी आवृत्ती खेळत होतो. या बदलात माझ्या खेळण्यावर सर्वांत खोल परिणाम सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे विष, मंत्र अशा संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाचा झाला, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

येथे प्रत्येक पात्राला पाच आकडे मिळतात : मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, पक्षाघात किंवा दगड होणे, ड्रॅगनचा श्वास, आणि शेवटी रॉड, स्टाफ व मंत्र. पहिल्या लेव्हलच्या (अनुभवाच्या पायरीच्या) फायटरचे, म्हणजे योद्ध्याचे, आकडे अनुक्रमे 12, 13, 14, 15 आणि 16 आहेत. वीस बाजूंच्या फाशावर तेवढे किंवा त्याहून जास्त पडले तर तो वाचतो, म्हणजे विषातून वाचण्याची शक्यता 45 टक्के आणि मंत्रातून केवळ 25 टक्के. पाचव्या आवृत्तीत समोरचा जादूगार जितका समर्थ, तितके वाचणे कठीण होते. येथे त्याच्या सामर्थ्याला सहसा काही स्थानच नाही. आकडा ठरतो तो वाचणाऱ्याच्या क्लास (पात्राचा प्रकार, जसे फायटर) आणि लेव्हलवरून. हाच फायटर 13 व्या लेव्हलला पोहोचला की विषासाठी 4 आणि मंत्रासाठी 8 पुरतात, आणि मग मंत्र टाकणारा कितीही मोठा असला तरी 65 टक्के वेळा फायटर तो झुगारून देतो. अनुभवी योद्ध्याला मिळणारा हा मान मला अतिशय योग्य वाटतो.

या नियमाचा हेतू समजायला त्याचा उगम उपयोगी पडतो. गॅरी गायगॅक्स (डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एक निर्माते) आणि जेफ पेरेन यांच्या 1971 च्या चेनमेल या युद्धखेळात ड्रॅगनची आग स्पर्श होईल त्या प्रत्येकाला मारत असे. मात्र दुसरा ड्रॅगन, सुपरहिरो किंवा विझार्ड दोन फाशांवर 7 किंवा जास्त पडल्यास वाचत. ही सवलत तेव्हा मोजक्या असामान्यांसाठी होती. 1974 च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्सने ती प्रत्येक पात्राला दिली. खडकाला साखळदंडांनी जखडलेला माणूस ड्रॅगनच्या आगीतून कसा वाचेल, या आक्षेपाला गायगॅक्स यांनी 1979 च्या डंजन मास्टर्स गाइड या खेळ चालवणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकात उत्तर दिले आहे : का वाचू नये? कदाचित खडकात फट सापडली असेल, कदाचित साखळी तुटली असेल. फासा आधी निकाल देतो आणि त्याची हकीकत आपण नंतर रचतो. हा क्रम पटला की नियमाविषयीच्या बहुतेक शंका मिटतात.

म्हणूनच मी याला पात्राचे कौशल्य मानत नाही. सगळे निर्णय घेऊन झाल्यावर, मृत्यू समोर उभा असताना खेळ देतो ती ही शेवटची संधी आहे. आमच्या एका मोहिमेत छतावरून पडलेल्या महाकाय क्रॅब स्पायडरने फायटरला दंश केला. त्याचे विष सौम्य असल्यामुळे फाशात 2 मिळवायचे होते, तरीही 45 टक्के शक्यता मृत्यूचीच होती, आणि फासा घरंगळत असताना कोणी श्वासही घेत नव्हते. तो वाचला. त्या दिवसापासून आमचे खेळाडू प्रत्येक दालनात शिरण्यापूर्वी मशाल उंच धरून छत पाहतात, पेटी लांब काठीने उघडतात आणि विषारी सुईला बोट लागूच देत नाहीत. सेव्हिंग थ्रोची वेळ येऊ न देणे हेच येथे उत्तम खेळणे आहे, आणि हे नियमपुस्तकापेक्षा त्या फाशाच्या भीतीने आम्हाला लवकर शिकवले.

ड्रॅगनच्या श्वासाचा नियमही सुंदर आहे. त्या क्षणी ड्रॅगनचे जितके हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) उरले असतील तितकी इजा होते आणि सेव्ह, म्हणजे सेव्हिंग थ्रो, यशस्वी झाला तर निम्मी. त्यामुळे त्याला आधी जखमी करण्याला खरा अर्थ येतो. याउलट शत्रूंना झोपवणाऱ्या स्लीप मंत्राला सेव्हच नाही. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला एकच मंत्र मिळत असल्याने मला ते मान्य आहे. पण तोच मंत्र शत्रूकडून आला की संपूर्ण तुकडी एका फेरीत आडवी होऊ शकते, आणि ही गोष्ट खेळाडूंना आधीच सांगणे आवश्यक आहे.

खटकणारी बाब म्हणजे वर्गवारी. कोसळणारी दरड किंवा निसटणारा पाय यांना पाचांपैकी कोणताच रकाना नेमका बसत नाही. अशा वेळी आम्ही बेसिक पुस्तकातील पर्यायी सूचना वापरतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पात्राच्या संबंधित क्षमतेच्या (जसे ताकद किंवा चपळता) आकड्याइतके किंवा त्याहून कमी टाकायचे. विषाने थेट मृत्यू हा नियम मात्र आम्ही अजून बदललेला नाही. नवीन खेळाडू आला की त्याला पहिल्याच बैठकीत दुसरे पात्र तयार ठेवायला सांगतो.