२५-एच चेन-स्प्रॉकेट सेट: दाते नीट निवडा

२४ व्होल्ट, २५० वॅट, मिनिटाला २७५० फेऱ्यांच्या, छोट्या विजेच्या गाडीच्या मोटरसाठीचा हा सेट, म्हणजे चेन आणि तिची दोन दातेरी चाकं (स्प्रॉकेट); २५-एच हे चेनचं माप. पुढे मोटरवर ११, मागे चाकावर ५५ दाते. गुणोत्तर ५, म्हणून चाकाच्या मिनिटाला ५५० फेऱ्या. दहा इंची चाकाचा परीघ सुमारे ०.८ मीटर, म्हणजे ५५० × ०.८ × ६०, ताशी २६ किलोमीटर.

सपाट रस्त्याला झकास. पण मुंबईत उड्डाणपूल चुकत नाहीत. चढावर फेऱ्या घटतात, करंट वाढतो, मोटरमधलं तारांचं वाइंडिंग तापतं. म्हणून मागे ६५ दात्यांचं घ्याच: गुणोत्तर ५.९, वेग २२, ओढ १८ टक्के जास्त. त्याऐवजी पुढे ९ दात्यांचं लावणं स्वस्त पडतं, पण चेन लवकर झिजते.

दाते साफ कापलेत. बोल्टना लॉक वॉशर मात्र नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. बदली चेन ६.३५ मिलिमीटर पिचचीच (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर). ८ मिलिमीटरची बसत नाही. पावसाळ्यात चेनला वरचेवर तेल द्या.