मोडून गेलेले मिनी गोल्फ कोर्स पाहाचे असतील तर हे आर्काइव्ह बघाच

लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाच्या साइटवर फोटोग्राफर जॉन मार्गोलीसच्या ११ हजारावर स्लाइड्स हायेत, अमेरिकेतले रस्त्याकाठचे पेट्रोलपंप, मोटेल अन् मिनी गोल्फचे (छोट्या जागेत पुतळे-अडथळ्यांमधून चेंडू ढकलाचा गोल्फ) कोर्स, डाउनलोड फुकट. मोठी फाइल उघडून झूम केलं का सिमेंटच्या पुतळ्यावरचा उडालेला रंगही दिसते! फक्त सर्च इंग्रजीत मिनिएचर गोल्फ टाकूनच करा. डिझाइनचे नकाशे पाहिजे असले तर मात्र जुने पेटंट वेगळे धुंडा लागते, मी तेच करता करता थॉमस फेअरबेर्न नावाच्या माणसापर्यंत पोचलो, त्यानं १९२० च्या दशकात सरकीच्या टरफलात वाळू, तेल अन् हिरवा रंग मिसळून गोल्फची हिरवळ केली होती. सरकी! आमच्या यवतमाळकडं तिची ढेप म्हशीले घालतेत, मले तर रात्रभर झोप नाही आली. पाच स्टार.