पुण्यातल्या शेल्टरमधून मोठा कुत्रा दत्तक: सेवा चांगली, कार्ड अपुरं

पिल्लांना मागणी भरपूर, आणि तीन-चार वर्षांची गावठी कुत्री मात्र पिंजऱ्यातच म्हातारी होतात. खरं तर रोज हिंजवडी गाठणाऱ्या घराला पिल्लू झेपतच नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची उंची, वजन (साधारण १५ ते २० किलो) आणि स्वभाव समोर दिसतो, आणि एकदा सवय लागली की सहा तास शू धरतो.

पद्धत सरळ आहे: अर्ज, ओळखपत्र, गप्पा मारत घेतलेली मुलाखत, मग घराची पाहणी. पाहणीला कंटाळू नका, बाल्कनीच्या गजांतलं अंतर तेव्हाच लक्षात येतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. नसबंदी आणि रेबीजची लस बहुधा झालेली असते, हा मोठा खर्च वाचतो. पण कानाचं कापलेलं टोक ही नसबंदीची खूण, लस चालू असल्याची नव्हे. लस दरवर्षी लागते, त्यामुळे शेल्टर देतं त्या माहितीच्या कार्डावरची तारीख बघा. महापालिकेच्या परवान्यालाही रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

सेवेची कमजोर बाजू म्हणजे हे कार्डच. ‘वय अंदाजे ३ वर्षं’ हा दातांवरून बांधलेला अंदाज असतो, आणि हाडं-दगड चावणाऱ्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात. स्वभावाच्या रकान्यात सरसकट ‘फ्रेंडली’. खरी माहिती असते ती रोज ताटल्या भरणाऱ्या दादांकडे किंवा मावशींकडे. जेवताना दुसरा कुत्रा जवळ आला तर गुरगुरतो का? झाडू उचलला की दबतो का? मांजर दिसलं तर? निदान दोन फेऱ्या मारा, त्यातली एक जेवणाच्या वेळी. आणि पट्टा लावून फाटकाबाहेर चालवून बघा. आत शेपूट हलवणारा कुत्रा रस्त्यावर स्कूटर दिसताच जमिनीला चिकटू शकतो.

गोचीड तापाची चौकशी टाळू नका. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि रक्तात प्लेटलेट्स घसरलेल्या असतात. घरी नेण्याआधी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून घ्या. पूर्वी ताप येऊन गेला असेल तर डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला का, हे विचारा. तो साधारण २८ दिवसांचा असतो, पण दोन-चार दिवसांत कुत्रा जेवायला लागला की गोळ्या बंद होतात आणि आजार परत डोकं काढतो.

बिनसतं ते बहुतेक पहिल्या काही दिवसांत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुत्रा पळून जाणं. घाबरलेला कुत्रा मागे रेटा देऊन मान पट्ट्यातून सोडवतो, कारण गावठी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. म्हणून गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घाला, दोन्हींना वेगळी दोरी लावा आणि गाडीचं दार उघडण्याआधी दोऱ्या हाताला गुंडाळा. फरशीवर पाय घसरतात, तिथे चटया टाका. लिफ्ट त्याने पाहिलेली नसते. पहिला आठवडा अंघोळ नको, पाहुणे तर नकोतच. शेल्टरचं जेवण (बहुतेकदा भात-चिकन) तसंच चालू ठेवून ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला. आपला रस्सा मात्र नाही, कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी. पहिले दोन-तीन आठवडे गप्प बसलेला कुत्रा नंतर भुंकायला लागला तर तो बिघडला असं समजू नका, तो आत्ता कुठे रुळतोय.

मुहूर्ताचं म्हणाल तर गणपती ते दिवाळी सोडून द्या. ढोल-ताशांचा सराव तर त्याच्याही आधी नदीकाठी सुरू होतो.

सोसायटीने हरकत घेतली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा; कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. नंतरची सेवा शेल्टरनुसार बदलते. जमलं नाही तर परत घेणार का, हे लेखी घ्या. जिथे आधी काही दिवस सांभाळायला देतात, ते शेल्टर आमच्या मते सरस.

निघताना त्याच्या पिंजऱ्यातलं पोतं मागून घ्या, आणि ते धुऊ नका. पहिल्या रात्री तो विकतच्या गादीवर नाही, त्यावर झोपेल.