तारखेप्रमाणे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज': सप्टेंबर ते मार्च, ऑनलाइन बुक क्लबचा अनुभव

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकदा वाचून झालंय, जीव जडलाय, पुन्हा वाचायचंय, पण दरवेळी पहिल्या शंभर पानांत गाडी अडते, असे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या नाशिकच्या ऑनलाइन बुक क्लबने सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हे पुस्तक एकत्र वाचलं. आम्ही पंधरा-वीस जण होतो. निम्मे कॉलेज रोड, गंगापूर रोडचे, काही सिडको-इंदिरानगरचे, दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार दादा आणि लग्नानंतर पुण्याला गेलेल्या दोघी. बहुतेकांचं हे दुसरं-तिसरं वाचन, तिघे-चौघे अगदी नवे. दोघी मराठी अनुवादातून वाचत होत्या, बाकीचे इंग्रजीतून.

पद्धत अशी की पुस्तकात जे ज्या तारखेला घडतं ते त्याच तारखेला वाचायचं. लेखक टॉल्किनने शेवटच्या खंडाच्या परिशिष्टात सगळ्या घटनांची तारीखवार जंत्रीच दिली आहे. कथेचा नायक, बुटका हॉबिट फ्रोडो, शत्रूची अंगठी नष्ट करायला निघतो. तो 23 सप्टेंबरला घर सोडतो, अंगठी 25 मार्चला नष्ट होते. मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर गप्पा आणि रविवारी रात्री जेवणं आटोपली की व्हिडिओ कॉल. शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाच्या, पंचांगात सगळे महिने तीस दिवसांचे, त्यामुळे फेब्रुवारीत आम्हाला दोन दिवस कमी पडले. ते मार्चच्या पहिल्या दिवसांत बसवून घेतले.

हे वाचन मला इतकं का भावलं ते सांगते. एकटीने वाचताना मी हे पुस्तक नेहमी लढायांसाठी पळवत न्यायचे. तारखेला बांधून घेतल्यावर पळताच येत नाही. आज फक्त चार पानं आहेत, त्या चार पानांत सगळे पावसात चालताहेत, आणि उद्याही चालणारच आहेत. मग पायवाट दिसायला लागते, वारा कुठून येतोय ते कळतं, फ्रोडोचा माळी आणि सोबती सॅम याच्या पिशवीत काय काय आहे ते लक्षात राहतं. हे पुस्तक मुळात चालण्याचं आहे, हे मला या वाचनात उमगलं.

त्यात आपले सण असे जुळून आले की बस. 22 सप्टेंबर हा फ्रोडो आणि त्याला सांभाळणारा नातलग बिल्बो या दोघांचा वाढदिवस, 2025 मध्ये त्याच दिवशी घटस्थापना. 6 ऑक्टोबरला वेदरटॉप टेकडीवर शत्रूच्या काळ्या स्वारांचा हल्ला होऊन फ्रोडो जखमी होतो, आणि त्या रात्री कोजागिरी! सोमवार असूनही आम्ही कॉल लावला. जो तो आपापल्या गच्चीवर, हातात मसाला दूध. आमच्यातल्या एक काकू उत्तम वाचतात. वाटाड्या अ‍ॅरागॉर्न शेकोटीजवळ जुनी कथा सांगतोय, त्याच्या पाठीमागे टेकडीच्या माथ्यावर हळूहळू उजेड येतो आणि चंद्र वर चढतो, तिथे त्या वाचता वाचता थांबल्या आणि मान वर करून आभाळाकडे पाहू लागल्या. पाच-सहा खिडक्यांतल्या माना तशाच वर गेल्या. पुढच्या काही ओळींत काळ्या आकृत्या येतात. ते प्रकरण मला जवळपास पाठ आहे, तरी त्या रात्री अंगावर काटा आला.

पुस्तकातला त्या रात्रीचा चंद्र पौर्णिमेचा नाही, वाढता आहे. हे मुद्दाम सांगते, कारण टॉल्किन याबाबत फार काटेकोर होता. 1944 मध्ये मुलाला, ख्रिस्तोफरला, लिहिलेल्या पत्रात त्याने कळवलंय की कथेतले चंद्र भलतंच काहीतरी करताहेत असं ध्यानात आलं, म्हणून मागची प्रकरणं दुरुस्त करावी लागली. ख्रिस्तोफर तेव्हा हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता आणि फ्रोडो-सॅमच्या मॉर्डोरच्या, म्हणजे शत्रूच्या मुलखाच्या, वाटेची प्रकरणं बाप त्याला लिहून होतील तशी टपालाने पाठवत होता. पहिल्या वाचकाने हा भाग हप्त्याहप्त्यानेच वाचला, हे कळल्यावर आमच्या हप्त्यांनाही मान आल्यासारखं वाटलं.

आणि किंक्रांत. 13 जानेवारीला, भोगीच्या दिवशी, फ्रोडो आणि त्याचे सोबती, म्हणजे मंडळी, मोरिया या भुयारी नगरीच्या दाराशी पोचतात. 15 तारखेला त्यांचा वाटाड्या जादूगार गॅन्डाल्फ पुलावरून कोसळतो. ती तारीख किंक्रांतीची! माझी आजी त्या दिवशी कुठलंही शुभकार्य काढू द्यायची नाही. त्या संध्याकाळी ग्रुपवर कुणी फारसं लिहिलंच नाही.

आता तोटे. पहिला मोठा तोटा म्हणजे मधली पोकळी. 20 ऑक्टोबरला फ्रोडो नदी ओलांडून एल्फांच्या रिव्हेंडेलला पोचतो आणि 25 डिसेंबरपर्यंत मंडळी तिथेच. दोन महिने! दिवाळीत लोक पांगले ते पांगलेच. एकदा पुस्तक कपाटात गेलं की पुन्हा निघत नाही. आमच्याकडे हे निभावलं ते रिव्हेंडेलचा प्रमुख एल्रॉन्ड याच्या सभेच्या प्रकरणामुळे. बहुतेक जण ते प्रकरण घाईने उरकतात, कारण त्यात नुसती भाषणं. आम्ही ते काही रविवार पुरवून वाचलं, प्रत्येकाने एक पात्र घेऊन. मंडळींतला योद्धा बोरोमिर याचं बोलणं मोठ्याने वाचलं तेव्हा तो किती थकलेला आहे ते कानाला कळलं. उरलेल्या दिवसांत 1937 चं 'द हॉबिट' घ्यावं, असं मी सुचवेन.

दुसरा तोटा जास्त गंभीर. 26 फेब्रुवारीला मंडळी फुटतात आणि तिथून कथा दोन वाटांनी जाते. टॉल्किनने आधी एक वाट संपूर्ण सांगितली आहे, मग मागे येऊन दुसरी. तारखेचा हट्ट धरला तर रोज इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात आणि त्याने बांधलेला ताणच सुटतो. शत्रूचा दूत काळ्या दरवाजाशी फ्रोडोचा चिलखती अंगरखा फडकावतो, तेव्हा फ्रोडोचं काय झालं ते वाचकाला ठाऊक असता कामा नये. तारखेप्रमाणे गेलात तर सॅमने त्याला सोडवल्याचं अकरा दिवस आधीच वाचून झालेलं असतं. आमच्यात यावर कडाक्याचा वाद झाला, मतदान घेतलं, आणि तिथून पुढे आम्ही पुस्तकाच्या क्रमाने गेलो. माझ्या मते तेच बरोबर. दुसरा खंड नोव्हेंबर 1954 मध्ये आला आणि फ्रोडो शत्रूच्या हाती लागतो तिथे संपला, तिसरा थेट ऑक्टोबर 1955 मध्ये. त्या वाचकांनी जवळपास वर्षभर कळ काढली.

ट्रीबियर्ड या एंटच्या, म्हणजे चालत्या-बोलत्या वृक्षराखणदाराच्या, प्रकरणांवर आम्ही सर्वांत जास्त बोललो. त्याच हिवाळ्यात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर पेटलं होतं. आमच्यातली एक मुलगी आंदोलनाला जात होती. एंट तीन दिवस नुसते बोलत बसतात, याचा पूर्वी तिला राग यायचा. या वेळी ती म्हणाली, "ताई, निदान ते शेवटी उठतात तरी." पुढे शायरमध्ये परतल्यावर सगळी झाडं तोडलेली दिसतात, बिल्बोच्या समारंभाचं झाडसुद्धा. चित्रपटात हे प्रकरण नाही. पुस्तकातलं ते सगळ्यात गरजेचं प्रकरण आहे असं आता मला वाटतं. सॅम भेट मिळालेल्या मातीचा एकेक कण प्रत्येक नव्या रोपाच्या मुळाशी ठेवत हिंडतो. द्राक्षं खुडायच्या दिवसांत दिंडोरीचे दादा महिनाभर गायब होते, पण या प्रकरणावर त्यांचा बागेतून लांबलचक व्हॉइस मेसेज आला. सगळं खत एका जागी न ओतता सॅम ते पुरवून वापरतो, हे खऱ्या माळ्याचं लक्षण, असं त्यांचं म्हणणं. दोनदा ऐकला मी तो.

तारखांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वेदरटॉपच्या जखमेला वर्ष होतं त्या 6 ऑक्टोबरला फ्रोडोचा खांदा पुन्हा दुखतो, आणि त्याला महाकाय मादी-कोळ्याचा डंख झाला त्या 13 मार्चलाही तो आजारी पडतो. एरवी या तारखा नजरेतून निसटतात. त्या कोजागिरीच्या काकू म्हणाल्या, "यांच्या वर्षश्राद्धाची तारीख मी विसरले तरी आठ दिवस आधीपासून मला झोप लागत नाही." त्यानंतर फ्रोडो सगळं सोडून का जातो, यावर चर्चा करायची कुणाला गरज वाटली नाही.

बाकी किरकोळ. मोफत कॉल तासाभराने तुटतो, त्यामुळे बोलणं आटोपशीर राहिलं. चित्रपटाची मीम्स आणि चर्चा यांचे ग्रुप वेगळे करा, नाहीतर चर्चा वाहून जाते. नव्या वाचकांना तारखांच्या वाचनात ओढू नका. आमच्या नव्यांपैकी दोघं डिसेंबरातच गळाले, आणि टिकलेल्यांना पुढचं आधीच कानावर पडत राहिलं. त्यांनी पहिल्यांदा एकट्याने, हव्या त्या वेगाने वाचावं. प्रत घेताना परिशिष्टं आहेत ना ते बघून घ्या, काही प्रतींत ती नसतात आणि मग जंत्री दुसऱ्याकडून मागावी लागते. आम्ही येत्या 22 सप्टेंबरला पुन्हा सुरू करतोय, या वेळी रिव्हेंडेलच्या दोन महिन्यांत 'द हॉबिट' पक्कं.